मागच्या सीटवरच्या वन्सं

गाडी डावीकडे ओढायला लागली, तशी वहिनींनी वेग कमी केला, रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मागच्या सीटवरून वन्संनी विचारलं. सकाळी निघताना त्या मुद्दाम मागे बसल्या होत्या. पुढे बसून मरण आधी बघायची मला हौस नाही, असं म्हणाल्या होत्या.

"टायर बसला, वन्सं."

"तरी मी सांगत होते!"

वन्संनी नक्की काय सांगितलं होतं ते वहिनींना आठवेना. पण ते आता घरी पोचणार, एवढं कळलं. काल लेकाने स्वच्छ बजावलं होतं, "आई, उद्या आत्याला बाजारात नेऊन आण. ती ठीक म्हणाली तर चावी तुझ्याकडे. नाहीतर गाडी विकून टाकू. या वयात पुरे झालं." आणि आत्याच्या तोंडून 'ठीक' हा शब्द अख्ख्या घराण्यात कुणी ऐकला नव्हता. स्वतःचा नवरा बघायला आला तेव्हाही त्या 'बघू' एवढंच म्हणाल्या होत्या.

पुढच्या वळणावर पंक्चरचं दुकान दिसत होतं. दारात जुन्या टायरांची चळत, खांबाला टांगलेला एक रंगवलेला टायर.

"ने की तशीच हळूहळू," वन्सं म्हणाल्या. "चार पावलं तर आहेत."

"तशी नेली तर टायर कामातून जाईल."

"मग लेकाला फोन कर."

"फोन केला तर गाडी कामातून जाईल."

वहिनींनी पदर खोचला. मागच्या चाकाला दगड लावला, डिकीतून स्टेपनी काढली, नटाला पाना लावला आणि जोर केला. नट ढिम्म. मग त्या पान्याच्या दांड्यावर चक्क उभ्या राहिल्या. काडीसारखं अंग, दांडा तसूभरही हलला नाही.

वन्संनी काच खाली केली. "जरा खात जा म्हणून जन्मभर कानीकपाळी ओरडले."

वहिनी घाम पुसत त्यांच्या दारापाशी आल्या. "वन्सं, उतरा. तुमचा पाय हवाय."

"माझा?"

"माझ्यात वजन नाही. तुमच्यात आहे."

ही स्तुती की टोमणा, हे ठरवायला वन्संना जरा वेळ लागला. मग त्या कुरकुरत उतरल्या. साडी घोट्यावर उचलली, वहिनींचे दोन्ही खांदे घट्ट धरले आणि दांड्यावर पाय देऊन सगळा भार टाकला.

कटकन आवाज झाला.

"मोडलं!" वन्सं किंचाळल्या.

"मोडलं नाही, सुटलं!"

वन्संनी खाली पाहिलं. नट खरंच फिरला होता. त्यांनी नाकावर घसरलेला चष्मा मनगटाने वर सारला.

"दुसरा कुठाय?"

सगळे नट सैल झाले. वहिनींनी जॅक लावून गाडी उचलली. पण मग वन्सं पाना सोडायलाच तयार होईनात. रस्त्याच्या कडेला फतकल मारून त्यांनी नट काढले, स्टेपनी बसताच एकेक करून परत लावले, आणि वहिनींनी तपासायला हात पुढे केला तर तो बाजूला सारला. "घट्ट आहे म्हटलं ना!"

वन्संची पाठ वळताच वहिनींनी हळूच तपासलं. घट्ट होतं.

दुकानात पंक्चरवाल्याने टायरवर साबणाचं पाणी फिरवलं. एका जागी बुडबुडे आले. तिथला खिळा उपटून त्याने भोकात रबराची पट्टी ठासली, हवा भरली आणि टायरच्या कडेवरून तळहात फिरवला.

"वाचला टायर, काकू. लोक तशीच गाडी रेटत आणतात, मग मी फेकून द्यायला सांगतो. वेळेवर थांबलात. चाक कुणी बदललं?"

वहिनींनी तोंड उघडलं, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "आम्ही. ही चालवते, मी नट सोडवते."

जणू वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

पंक्चरवाल्याने हात पुसायला फडकं दिलं. वहिनींनी हात पुसले आणि फडकं वन्संपुढे धरलं. वन्संनी मान हलवली.

"अहो, काळेकुट्ट झालेत हात."

"असू देत. भाच्याला दाखवायचेत."

दोन्ही पंजे हवेत उघडे धरून त्या गाडीकडे निघाल्या. मागच्या दारापाशी थांबल्या नाहीत. पुढच्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बघत काय उभी राहिलीस, वहिनी? उघड की दार. माझे हात भरलेत."