अनुमोदक

"ठरावाच्या सूचक शर्मिला मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले, "आणि अनुमोदन रंगनाथरावांनी द्यावं. म्हणजे हायवेकडच्या पालकांचाही सहभाग राहील."

ठराव साधा होता. जूनपासून शाळेची बस लोणी काळभोरच्या रस्त्याला जाणार नव्हती. ती हडपसरच्या नव्या सोसायट्यांकडे वळणार होती. तिथं आयटीतली माणसं राहायला आली होती आणि त्यांची मुलं शाळेला हवी होती. हायवेलगतच्या वस्तीतल्या मुलांनी यायचं कसं, हे ठरावात नव्हतं. तेवढं सोडून सगळं होतं.

रंगनाथ हा ठराव हाणून पाडायलाच आला होता. तो एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत होता आणि रजा टाकून बैठकीला आला होता. दिवाळीनंतर वस्तीतली एक मुलगी दुकानात जायला हायवे ओलांडताना टँकरखाली गेली, तेव्हाच त्याच्या बायकोनं निक्षून सांगितलं होतं, बस आहे तोवरच सत्यशीलाची शाळा. सत्यशीला आठवीत होती.

ती समोरच विद्यार्थी मंडळाच्या बाकावर बसली होती. पालक, विद्यार्थी आणि शाळा यांनी मिळून निर्णय घ्यायचे, ही सरांची यंदाची नवी कल्पना. मंडळाची प्रमुख म्हणून तीही बोलणार होती. आधी बाबा विरोध करणार, मग ती, असं बापलेकीचं घरीच ठरलं होतं.

रंगनाथ उठला. "सर, आमची पोरं हायवेनं यायची कशी?"

"अगदी योग्य मुद्दा," सर हसून म्हणाले. "त्याचा आपण सकारात्मक विचार करू. करूच. पण रंगनाथराव, आपल्या शाळेत आजवर एकही ठराव विरोधानं झालेला नाही. आपलं कुटुंब आहे हे. तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं अनुमोदन दिलं तर शोभा वाढेल."

"हो ना, आपणच द्या, प्लीज," शर्मिला मॅडम म्हणाल्या.

सगळे त्याच्याकडे वळून हसत होते. ज्यांच्या गाड्यांना तो रोज गेटवर सलाम ठोकायचा, तसलीच माणसं आज त्याला अहो-जाहो करत त्याच्या शब्दासाठी थांबली होती. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याला कुणी धमकावलं नव्हतं, कसली लालूच दाखवली नव्हती. नुसती भीड. भिडेपोटी माणसं राहतं घर देऊन बसतात आणि वर चहाला थांबतात.

"माझं अनुमोदन आहे," तो म्हणाला.

ते ऐकून सगळ्यात मोठा धक्का त्यालाच बसला. टाळ्या झाल्या.

"आणि विद्यार्थी मंडळाचं मत?" सरांनी विचारलं.

सत्यशीला उभी राहिली. तिचं सगळं पाठ होतं. पण आता विरोध करायचा म्हणजे बापाच्या विरोधात बोलायचं, तेही एवढ्या लोकांदेखत. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो खाली फरशीकडे बघत होता. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण आली ती कीव.

"बाबांनी अनुमोदन दिलंय, सर," ती म्हणाली. "मंडळाची हरकत नाही."

"शाब्बास! ठराव एकमतानं मंजूर."

सर पुढच्या विषयाकडे वळले. स्नेहसंमेलनाला पाहुणे कोण बोलवायचे, यावर लगेच दोन मतं पडली आणि हॉलमध्ये एकदम जीव आला. रंगनाथ अजून उभाच होता. बसा म्हणायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि कुणी सांगितल्याशिवाय बसायची त्याला सवय नव्हती.

"बाबा," सत्यशीला समोरून हळूच म्हणाली, "बसा आता."