प्राचुआप सरांचा पहिला सीन

थायलंडमधल्या आमच्या फ्रे गावच्या शाळेत शिस्त प्राचुआप सरांकडे होती. पोराचे केस कानावर आले, की सकाळी झेंड्यासमोर, अख्ख्या शाळेदेखत ते त्याच्या डोक्यावर मधोमध केस कापायच्या मशीननं एक पट्टा ओढायचे आणि म्हणायचे, "उरलेले घरी जाऊन काप."

सगळ्यात जास्त पट्टे वीरयुतच्या वाट्याला आले. तोच आता बँकॉकचा मोठा दिग्दर्शक झालाय. आदर्श शिक्षकावर सिनेमा काढायला तो गावात आला आणि मुख्य काम त्यानं सरांनाच दिलं.

"माझ्या शिस्तीचं नाव काढलंस, पोरा," म्हणत सर गावभर मिरवले.

सिनेमाच्या शेवटी, पस्तावलेला शिक्षक झेंड्यासमोर विद्यार्थ्याकडून स्वतःच्याच डोक्यावर पट्टा ओढून घेतो. सगळं गाव बघायला जमलं. सत्तरीतही दाट केस जपलेलं डोकं सरांनी झुकवलं आणि वीरयुतनं स्वतः मशीन फिरवलं.

"डोळ्यांत खरं पाणी आलं रे माझ्या. कॅमेऱ्यात नीट आलंय ना?"



"कॅमेरा उद्या येणार आहे सर, आज नुसती तालीम होती. उरलेले घरी जाऊन कापा."