अंबुबाई कॉलेज बघायला जाते
यमुना इंटर पास झाली आणि वकिलीसाठी कुठलं कॉलेज धरायचं, यावरून थेरगावच्या घरात वाद पेटला. बाप म्हणाला, "मुंबईचं धरू, नावाजलेलं हाय." आई अंबुबाई अडून बसली, "लेकीला तिथं नांदायचंय, आधी घर बघाया नको? माझ्या लग्नाच्या वेळी निस्ते गडी गेले, तुमचे बैल मोजून आले!" सकाळच्या गाडीनं ती लेकीसोबत आधी जवळचं, पुण्याचं कॉलेज पाहायला गेली, वर्गाच्या खिडकीशी थांबली. आत एक मुलगी मास्तरांशी इंग्रजीतून भांडत होती. अंबुबाईनं पदर तोंडाशी नेला. आता पोर बोलणी खाणार! पण मास्तर खडू ठेवून खुर्चीत बसले आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकत राहिले. परतल्यावर बापानं विचारलं, "कसं वाटलं?" "पुण्याचंच धरा," अंबुबाई हसली. "तिथं बाई बोलाया लागली, की गडी खाली बसतो." वैरणीला उठलेला बाप परत बसला.