बिनखिळ्याचा मंडप

"मुनीरभाई, तुमाला पाडलेलं लाकूड इकत न्यायला बोलावलंय, अक्कल शिकवायला न्हाई!" देऊळ कमिटीचे कुंडलिक तात्या ओरडले. पणज्याच्या वेळच्या लाकडी मंडपापुढं जेसीबी घरघरत उभा व्हता.

"एक खांब सडला म्हणून आख्खा मंडप पाडताय, राव? याच्यात एक तरी खिळा दाखवा!"

"खिळा न्हाई म्हणूनच तर भीती! उद्या भजनाला बसलेल्यांच्या डोक्यात पडला, तर जबाबदार कोण? तुमी?"

मुनीर मिस्त्रीचं टाळकं सटकलं. गाडीची किल्ली काढून त्यानं खांबाच्या माथ्यावरचा ऑइलपेंट खरवडला. आत छिन्नीनं मारलेल्या तीन रेघा निघाल्या. वरच्या तुळईवर खरवडलं, तर तिथंबी तीनच. शेजारच्या खांबाला चार, त्याच्या तुळईलाबी चार.

"बघा! कुठला तुकडा कुठं बसवायचा, ते त्या सुतारानं लिहूनच ठेवलंय. लाकडी खुंट्या काढल्या की सगळा मंडप सुटतो. सडका खांब तेवढा बदलायचा आन् परत जसाच्या तसा जोडायचा."

तात्यांनी त्या रेघांवरनं हळूच बोट फिरवलं. मग जेसीबीवाल्याला हात केला. "बंद कर रं ते." आन् मुनीरकडं वळले, "मिस्त्री, उद्यापासनं लागता का कामाला?"

"लागतो की!" मुनीर घाईघाईनं चपला घालत म्हणाला. "पण आत्ता मला जाऊ द्या, तात्या. सुतारकी कोण इचारतंय म्हणून सकाळीच सगळी हत्यारं जुन्नरला भंगारात टाकून आलोय. दुकान बंद व्हायच्या आत गाठाय पायजे, निघतो."