कोतवालाचं घरटं

राजापेठेत कुलदीप सरांच्या क्लाससमोरच्या कडुनिंबावर कोतवाल पक्ष्यांच्या जोडीनं घरटं केलं होतं. पिल्लांना नाकतोडे भरवता भरवता त्यांचं खाली बारीक लक्ष असायचं. झाडाखाली कोणी गाडी लावून रेंगाळलं, की झेप घेऊन थेट डोक्यात चोच. तिथं रोज उभ्या राहणाऱ्या पोरांनी तक्रार केली, तशी सरांनी फांदी तोडायला माणूस बोलावला.

दहावीतली आचल आडवी आली. "सर, राहू द्या ना घरटं. ते पोट्टे रोज आमची वाट अडवत होते. आता एकबी तिथं थांबत नाई."

सर चपापले. "मंग मले आधी सांगितलं काहून नाई?"

 

"सांगितलं होतं, सर. तुमी म्हणाले, लक्ष देऊ नका."