पायांची ऊब

१९८४च्या डिसेंबरात बोरीवलीच्या विमलाबाई नवऱ्यासोबत, श्यामसुंदररावांसोबत, वज्रेश्वरीजवळच्या एका गरम कुंडावर गेल्या. आधी हाताने पाणी चाचपून त्यांनी फक्त दहा मिनिटं पाय सोडले. दुखरे गुडघे खरंच हलके झाले.

घरी आल्यावरही पाय गरमच राहिले. आठवडा झाला. विमलाबाई आता जिना भरभर चढत, खुशीत गुणगुणत.

रविवारी सकाळी त्या अंघोळ करून बाहेर आल्या, तेव्हा लादीवर उमटलेल्या ओल्या पावलांतून वाफ निघत होती.

श्यामसुंदररावांनी वाकून त्यांच्या पावलाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. बोटांवर फोड उठले होते.

"अगं, तुला भाजत नाही?"

"छे हो, छान ऊब आहे," विमलाबाई समाधानाने म्हणाल्या. "पुढच्या रविवारी मी गळ्यापर्यंत बसणार."