पाण्यातले देव

पितळी गणपतीच्या सोंडेवर पातळ पांढरा थर बसला होता. जर्मनीतल्या आमच्या वाल्डॉर्फच्या पाण्यात चुना फार, आणि सासूबाईंनी या वर्षी देव वारंवार पाण्यात ठेवलेले.

माझ्या नवऱ्याची, गुरुदत्तची कंपनी आम्हा सगळ्यांना अमेरिकेला पाठवणार होती. पण तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढून व्हिसा थांबवला, न्यायालयाने हुकमाला स्थगिती दिली, वरच्या न्यायालयाने ती उठवली. "जायचं का नक्की?" विचारलं की गुरुदत्त म्हणायचा, "बघू."

आज तिथल्या संसदेनेच कायदा करून व्हिसा मोकळा केला. मी नाचतच स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई गणपती पुन्हा पातेल्यात बुडवत होत्या.

"अहो आई, व्हिसा सुरू झाला! आता देव बाहेर काढायचे."

"सुरू झाला म्हणूनच ठेवतेय. बंद झाला की काढते." त्यांनी वर पाहिलंच नाही. "आत्ता कुठे शेजारची हेल्गा माझ्याकडून थालीपीठ शिकतेय."

मी मागच्या सगळ्या खेपा आठवून पाहिल्या. व्हिसा सुरू की देव पाण्यात, बंद की बाहेर; अचूक जुळत होतं. मी ओट्याला धरून हसत सुटले. दारात आलेला गुरुदत्तही हसून हसून डोळे पुसत होता.

"आल्झो, तर मग आई," तो कसाबसा म्हणाला, "काढ देव बाहेर. आपण इथेच राहतोय."